परिशिष्ट तीन

आवक-जावकच्या टेबलामागच्या बाईंनी निवेदनाची पानं एकेक करून उलटली, परिशिष्ट तीनवर येऊन त्या थांबल्या, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग शिक्का मारला, तारीख घातली, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवरही शिक्का उमटवला आणि ती प्रत पुढे सरकवताना, शेजारच्या खिडकीवर जा म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "सर, ती मुलगी होती." त्रिभुवन सरांना आधी वाटलं, रांगेत मागे कुणीतरी मुलगी उभी होती आणि आता निघून गेली, तिच्याबद्दल या बोलताहेत. त्यांनी मागे वळूनही पाहिलं. मागे बगलेत सात-बारा धरलेला एक म्हातारा होता आणि त्याच्यामागे भिंत. ते पुन्हा बाईंकडे वळले तेव्हा त्यांना तो चेहरा ओळखू आला. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसणारी बाई. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि सगळे गुडघे टेकतात तेव्हा आपणही टेकावेत की नाही हे न ठरल्यामुळे अर्धवट वाकलेली. टेबलावरच्या पाटीवर नुसतं 'उज्वला' एवढंच राहिलं होतं, आडनावाचा भाग कुणीतरी टेकवलेल्या फाइलीखाली गेला होता. "वाचल्याशिवाय मी शिक्का मारत नाही," त्या म्हणाल्या, आणि सरांच्या खांद्यावरून पाहत, "या, पुढचे कोण?"

बाहेर पायऱ्यांवर मंच उभा होता. कुटुंब व जीवन रक्षा मंच असं त्याचं पूर्ण नाव, आणि नाव उच्चारायला लागतो त्यापेक्षा कमी वेळात त्याचे सभासद मोजून व्हायचे. एकूण नऊ. त्यातले आज चार आले होते, कारण दोघांचे गुडघे धरले होते, एकाकडे सून बाळंत झाली होती आणि दोघे थंडीला भ्याले होते. जानेवारीतली नाशिकची थंडी साठी उलटलेल्या धर्मयोद्ध्यांना मानवत नाही. अध्यक्ष व्हिक्टर अमोलिक, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त, यांनी फलकाचं एक टोक धरलं होतं, दुसरं फिलोमिनाबाईंनी. गर्भपाताचा कायदा कडक करा, कुटुंबसंस्था वाचवा, अशा पाच मागण्या फलकावर होत्या आणि त्या पाचही त्रिभुवन सरांच्या शब्दांत होत्या. मंचाची प्रत्येक ओळ त्यांच्याच हातची असे. महापालिकेच्या निवडणुकीसाठी प्रभागातल्या उमेदवारांना जी प्रश्नावली पाठवली होती, तीही त्यांनीच लिहिलेली. एका उमेदवाराने पाचही प्रश्नांना 'होय' असं उत्तर पाठवलं होतं, त्यातल्या दोन प्रश्नांना 'होय' म्हणणारा माणूस मंचाच्या विरोधात जातो हे न वाचताच. अमोलिकांनी तरीही त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली होती, कारण त्याने निदान उत्तर तरी पाठवलं. "दिलं?" अमोलिकांनी विचारलं. "दिलं," सर म्हणाले. "काही म्हणाले का?" सर म्हणाले, "नाही. शिक्का मारला." फोटो निघाला. नंतर तो व्हॉट्सअॅपवर आला तेव्हा त्यात तिघे कॅमेऱ्याकडे पाहत होते आणि सर दाराकडे.

शरणपूर रोडवरून ते चालत निघाले. बस धरायची असं घरातून निघताना ठरलं होतं, पण बसमध्ये बसलं की माणसाला स्थिर राहावं लागतं आणि स्थिर राहिलं की ते वाक्य येऊन शेजारी बसणार हे त्यांना कळत होतं. ते चालताना आलंच. ती मुलगी होती. बाईंच्या आवाजात राग नव्हता, आणि सगळी पंचाईत तिथेच होती. राग असता तर सरांकडे उत्तरं होती. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाकडे रागाला उत्तर देण्याइतके शब्द असतात. ही तर वहीतली चूक दाखवावी तशी दाखवली होती, जशी ते स्वतः पोरांना दाखवत आले, लाल शाईने गोल करून, शेजारी काही न लिहिता.

चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे मारिया माउलीच्या नऊ बुधवारच्या प्रार्थनेला, निम्मी गर्दी दुसऱ्या धर्माची असते. पंचवटीतून, देवळालीतून, कधी लासलगावाहून बायका येतात, मेणबत्त्या लावतात, नारळही आणतात आणि तो कुठे फोडायचा ते विचारतात. दाराशी एक लाकडी पेटी आहे. तिच्यात आपली विनंती लिहून चिठ्ठी टाकायची. पोराला नोकरी, नवऱ्याची दारू, दुबईचा व्हिसा, गाठ साधी निघू दे. प्रार्थनेच्या मध्ये त्या चिठ्ठ्या माइकवरून वाचल्या जातात, नाव न घेता, आणि प्रत्येकीनंतर सगळं चर्च म्हणतं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी त्या सगळ्या चिठ्ठ्या ग्रोटोमागे, माउलीच्या दगडी गुहेमागे, एका घमेल्यात जाळतात. कुणी ठेवायच्या नाहीत, कुणी घरी न्यायच्या नाहीत. कन्फेशनमध्ये फादरच्या कानात सांगितलेलं जसं फादरच्या कानातच राहतं, तसं पेटीतलं पेटीतच, असं जुन्या फादरांनी सांगून ठेवलं होतं. पेटीची किल्ली अकरा वर्षं त्रिभुवन सरांकडे होती. त्यांचं वाचन स्वच्छ, म्हणून. आणि त्यांच्यावर विश्वास, म्हणून.

ती चिठ्ठी नोव्हेंबरात आली. सरकारी कागदाची मागची बाजू, बारीक नेटकं अक्षर. सरांना ती पाठ होती. पाठ करावी लागली नव्हती. 'माउली, मी तुमच्या धर्माची नाही. तिसरी पण मुलगीच आहे हे कळल्यावर घरच्यांनी मला दुसऱ्या जिल्ह्यात नेलं. चौथा महिना होता. मी नाही म्हणाले नाही. तिचं नाव मी रेवती ठेवलं आहे, ते कुणाला माहीत नाही. एकदा तिचं नाव मोठ्याने वाचावं. बाकी काही मागणं नाही.' सरांनी ती वाचली आणि खुर्चीत बसले. डोळे भरून आले होते, हे खरं. त्याच क्षणी, डोळे भरलेलेच असताना, त्यांच्यातला लिहिणारा माणूस म्हणाला होता की 'मी नाही म्हणाले नाही' या वाक्याला हात लावायचा नाही, हेही तितकंच खरं. त्या बुधवारी त्यांनी चिठ्ठी वाचली नाही. असलं एकदम माइकवरून कसं वाचायचं, लहान मुलं बसलेली असतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. महिनाअखेरीला ती घमेल्यात पडली नाही. तेव्हा स्वतःला काय सांगितलं ते आता त्यांना आठवत नव्हतं. चिठ्ठी डायरीत गेली, डायरी घरी आली, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमोलिक म्हणाले की निवेदनाला काळजाला हात घालणारं काहीतरी हवं, एखाद्या आईची साक्ष हवी, तेव्हा सर म्हणाले, "बघतो."

आणि काय छान लिहिलं होतं त्यांनी. रस्त्यात चालताना, कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला लोकांबरोबर उभे असताना, त्यांचे कान तापले ते या आठवणीने. लिहिताना मजा आली होती. सहा ओळींची दोन पानं झाली, तेच परिशिष्ट तीन. दोन रात्री लागल्या, बायकोने, रोझलिनने, दोनदा जेवायला हाक मारली आणि दोन्ही वेळा त्यांनी हातानेच थांब म्हटलं. सासरचे लोक त्यांनी काढून टाकले, कारण निवेदन सासरच्यांविरुद्ध नव्हतं, आधुनिक जीवनशैलीविरुद्ध होतं. त्यांच्या जागी बढती आली. नोकरीतल्या बढतीच्या मोहापायी एक आई आपल्या पोटचा गोळा नाकारते, असं झालं. पुढे शाळेवरून जाताना तिला कुणीतरी आई म्हणून हाक मारल्याचा भास होतो, इवल्याशा मुठी स्वप्नात येतात. आणि मुलीचा मुलगा झाला. हे कुठल्या वाक्याला झालं तेही त्यांना आठवत होतं. पहिल्याच. पेन थांबलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या पानावर तर त्यांनी 'कुलदीपक' असा शब्द वापरला होता. बाप्तिस्मा घेतलेल्या, रोज जपमाळ करणाऱ्या, सगळे जीव देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडले आहेत असं पाच कलमी निवेदनात पहिल्या कलमात लिहिणाऱ्या माणसाने. नंतर त्याला कारण सापडलं: मुलगी लिहिली तर लोकांना वाटेल हा मुलींना मारण्याचा वेगळा गुन्हा आहे, त्याला वेगळा कायदा आहे, मग मुद्दा भरकटतो. चांगलं कारण होतं. फक्त ते नंतर आलं होतं.

घरी रोझलिन मेथी निवडत बसली होती. तिने विचारलं, "झालं का तुमचं?" ती मंचाला नेहमी 'तुमचं' म्हणायची, म्हणजे सरांचा मधुमेह, सरांची दाढी, तसाच सरांचा मंच. ते तिच्यासमोर बसले आणि त्यांनीही जुडी उचलली. मग विचारलं, "स्नेहल झाली तेव्हा मी काय म्हणालो होतो?" रोझलिनचा हात थांबला नाही. "आज काय मध्येच?" "सांग ना." "हरकत नाही, म्हणालात." तिने देठ मोडला. "सिस्टर बाहेर आल्या, म्हणाल्या मुलगी झाली, आणि तुम्ही म्हणालात, हरकत नाही. मला आतून ऐकू आलं. सिस्टरांनी हरकत विचारली होती का तुम्हाला?" हे तिने तीस वर्षांत पाच-सहा वेळा तरी सांगितलं असेल, सणावाराला, पाहुण्यांसमोर, हसत, आणि सरही दर वेळी हसले होते. आज त्यांना दवाखान्याचा तो व्हरांडा दिसला, फिनेलचा वास, बाकाचा रंग उडालेला कोपरा, आणि कोपऱ्यावर बसलेला छत्तीस वर्षांचा एक मास्तर, ज्याने पहिल्या मुलीच्या वेळी शाळेत सगळ्यांना बर्फी वाटली होती आणि दुसऱ्या मुलीच्या वेळी फक्त स्टाफरूममध्ये. त्याला दुःख झालं नव्हतं. तो कुणाशी वाईट वागला नव्हता. त्याने नुसती, अगदी चांगुलपणाने, हरकत नसल्याची नोंद केली होती. स्नेहल आता आयर्लंडमध्ये नर्स होती, रोज फोन करायची, त्यांच्या गोळ्यांची नावं तिला पाठ होती. "ती कधी काही बोलली का त्याबद्दल?" सरांनी विचारलं. "ती कशाला बोलेल," रोझलिन म्हणाली. "तिला काय हो, तिला सवयच आहे ऐकायची. गोष्ट झालीय ती आता."

दुसऱ्या दिवशी मंगळवारी ते पुन्हा कचेरीत गेले. का जायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. माफी मागायची एवढं ठरवलं होतं, पण कशाची हे शब्दांत मांडताना दर वेळी वाक्य लांबत होतं. जेवणाची सुट्टी होती. उज्वलाबाई जिन्याखालच्या बाकावर एकट्याच डबा खात होत्या. त्यांनी सरांना पाहिलं आणि पिशवी उचलून बाकावर जागा केली. सर बसले नाहीत. "मॅडम, ती चिठ्ठी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. बाईंनी घास संपवला, पाणी प्यायल्या. "आठ बुधवार बसले मी," त्या म्हणाल्या. "लासलगावची गाडी सोडून. दर वेळी वाटायचं, आज वाचतील. मग म्हटलं, आपण त्यांच्यातल्या नाही, आपली चिठ्ठी बाजूला ठेवत असतील. ते चालतं." सर म्हणाले, "तसं नाही हो, अजिबात तसं नाही." "मग काल ती माझ्याच टेबलावर आली. एवढं एक वाक्य तसंच ठेवलंत, म्हणून ओळखलं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. सर वाट पाहत होते. बढतीबद्दल आता बोलतील. सासरच्यांना का वगळलं ते विचारतील. पेटीतला कागद चोरलात म्हणतील, आणि तसं म्हटल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. "बाकी काय लिहायचं ते लिहा," त्या म्हणाल्या. "ते मला सवयीचं आहे, घरीपण सगळे माझीच चूक म्हणतात. पण तिला मुलगा नका करू. मुलगी होती म्हणून तर गेली ना ती. तेवढं तरी तिचं तिला राहू द्या."

जिन्यावरून कुणीतरी उतरलं, बाईंनी डबा पिशवीत ठेवला, पावलं लांब गेल्यावर त्या पुन्हा बोलू लागल्या आणि आता त्यांचा आवाज कचेरीतला झाला. फाइल गुरुवारी दुपारी वर जाणार. तोपर्यंत दुरुस्ती करता येते. सात ठिकाणी आहे, त्यांनी मोजलं होतं. खोडून वर नीट लिहायचं आणि खोडलेल्या प्रत्येक ठिकाणी निवेदन देणाऱ्याची सही लागते, नाहीतर दुरुस्ती धरत नाहीत. "आणि नाव," त्या म्हणाल्या. "उद्या नववा बुधवार आहे माझा." सर म्हणाले, "दोन्ही करतो." आणि लगेच, स्वतःलाही ऐकू येईल इतक्या घाईने, "फक्त मंचाशी एकदा बोलावं लागेल, एकट्याच्या सहीचं नाहीये ते." बाईंनी मान हलवली. वरिष्ठांशी बोलावं लागेल हे वाक्य त्यांच्या टेबलावर रोज शंभरदा येत असावं.

संध्याकाळी अमोलिकांकडे बैठक होती. हॉलमध्ये येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली पत्रकांचे गठ्ठे रचले होते, छापखान्यातून दुपारीच आलेले, दोन हजार. 'एका आईची साक्ष', वर बाळाच्या मुठीचं चित्र. उद्याच्या नोव्हेनानंतर दाराशी वाटायचे आणि सोबत उमेदवारांचा तक्ता, बरोबर आणि चूक. सरांनी चहा संपेपर्यंत वाट पाहिली. मग दुसरा चहा आला. "एक चूक राहिलीय," ते म्हणाले. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, कारण सरांच्या मजकुरात चूक ही बातमीच होती. "ते मूळ... म्हणजे ज्या बाईची ही हकिगत आहे, तिची ती मुलगी होती." अमोलिकांनी चष्मा काढला. "मग?" "मग आपण मुलगा लिहिलंय." "सर, छापून झालंय हे," अमोलिक समजुतीने म्हणाले. "आणि बरं झालं उलट. मुलगी लिहिलं की लोकांना वाटणार हा मुलींना मारण्याचा विषय, त्याला वेगळा कायदा आहे. मुद्दा भरकटतो." शब्दही तेच होते. सरांना आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं आणि ते किती चांगलं कारण होतं हे पुन्हा एकदा जाणवलं. तेवढ्यात फिलोमिनाबाई, ज्यांनी स्वतःच्या चार मुलींना एकटीने वाढवलं होतं, ज्या मंचाच्या प्रत्येक कामाला दोन बस बदलून यायच्या आणि ज्यांच्या मनात कपट नावाला नव्हतं, त्या पत्रकावरून हात फिरवत म्हणाल्या, "आणि सर, खरं सांगू का, मुलगा म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं हो. मी काल निवेदनात वाचलं तेव्हा किती रडले." दोघांनी माना डोलावल्या. सगळ्यांना ते पटलं होतं. ही हकिगत कुठून आणलीत, असं एकाने जरी विचारलं असतं तर सरांनी सांगितलं असतं, असं ते नंतर घरी जाताना स्वतःशी म्हणाले. पेटी, किल्ली, डायरी, सगळं सांगितलं असतं. पण ते विचारणार कसे. त्यांचा सरांवर विश्वास होता. "बघा बुवा," सर म्हणाले, आणि गठ्ठ्यांना सुतळी बांधायला त्यांनी मदत केली.

बुधवारी सहा वाजता चर्च भरलं होतं. सर माइकपाशी गेले तेव्हा त्यांच्या हातात त्या आठवड्याच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये, आठवी की नववी, ती सरकारी कागदाची चिठ्ठी. ती संपूर्ण वाचायची असं त्यांनी दुपारी ठरवलं होतं. ती वाचली की पहिल्या बाकावरचे अमोलिक मान वर करतील, फिलोमिनाबाईंना 'मी नाही म्हणाले नाही' हे वाक्य ओळखू येईल, आणि मग वेगळं काही सांगावं लागणार नाही. प्रभूच्या घरात, सगळ्यांसमोर, एका कागदात सगळं उघड होईल. ते वाचत गेले. एका आईची विनंती, मुलाला बारावीत यश मिळावं म्हणून. हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. एका कुटुंबाची विनंती, जमिनीचा वाद मिटावा म्हणून. आमची प्रार्थना ऐक. शेवटच्या बाकावर डब्याची पिशवी होती, आणि पिशवीमागे कार्डिगनची बटणं गळ्यापर्यंत लावलेली बाई, ताठ. सरांच्या हातात तो कागद आला. अक्षर तेच. त्यांनी श्वास घेतला आणि त्यांना ऐकू आला तो आपला नेहमीचा स्वच्छ, कमावलेला, चौतीस वर्षांचा आवाज, "रेवतीसाठी." बस्स. पुढच्याच श्वासात, "एका भावाची विनंती, कुवेतला काम मिळावं म्हणून." मधल्या फटीत दोनशे माणसं सवयीने म्हणून गेली, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. अमोलिकांनी मान वर केली नाही. कुणी रेवती असेल, आजारी असेल, परीक्षेला बसली असेल. शेवटच्या बाकावर बाईंचं डोकं पिशवीवर टेकलं आणि प्रार्थना संपेपर्यंत वर आलं नाही.

सगळे बाहेर पडत होते तेव्हा सर कडेकडेने दाराकडे निघाले आणि नेमके दाराशीच गाठले गेले. उज्वलाबाई उभ्या होत्या. डोळे सुजलेले, पण चेहरा धुतल्यासारखा मोकळा. "सर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वाकून सरांच्या पायांना हात लावला, सर मागे सरकेपर्यंत लावलासुद्धा. "सगळे म्हणाले तिच्यासाठी. एवढे लोक." "अहो, नका," सर म्हणाले. "नका हो." दाराबाहेरून फिलोमिनाबाईंचा आवाज येत होता, घ्या, वाचा, घरी न्या. त्यांनी हात लांबवून बाईंनाही पत्रक दिलं, वर हसून म्हणाल्या, "अवश्य वाचा बरं का, ताई." बाईंनी ते उजव्या हातात घेऊन, चर्चमध्ये मिळालं म्हणून, कपाळाला लावलं. मग सरांकडे पाहिलं. "दुरुस्त केलंत ना?" त्या वेळी काहीही म्हणता आलं असतं. नाही, असं म्हणता आलं असतं. तोही एकच शब्द होता. "हो," सर म्हणाले. बाईंनी न उघडताच पत्रक पर्समध्ये ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेल्या.

बसथांबा समोरच होता, रस्त्याच्या पलीकडे, विजेच्या खांबाखाली. सर फाटकापाशी उभे राहिले. त्यांना माहीत होतं. ती बाई वाचल्याशिवाय शिक्का मारत नाही. बाकावर बसून तिने पर्स उघडली, पत्रक काढलं, चष्मा लावला. मधून रिक्षा जात होत्या, एक टेम्पो थांबला आणि गेला, आणि तो गेल्यावर ती अजून वाचतच होती. मग तिने मान वर केली नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. पर्समधून पेन काढलं, पर्स मांडीवर आडवी धरली, तिच्यावर पत्रक ठेवलं आणि लिहू लागली. थोडं लिहायची, बोट खाली सरकवायची, पुन्हा थोडं. सरांनी मोजलं. सात वेळा. लाज वाटली आणि पाय चालू लागले, रस्ता ओलांडायचं त्यांनी काही ठरवलं नव्हतं तरी.

त्यांना समोर पाहून बाईंनी पत्रक आणि पेन दोन्ही पुढे केलं. टेबलाच्या पलीकडून करावं तसंच. सहा ठिकाणी 'मुलगा' एका सरळ रेघेने खोडलेला, वर बारीक नेटक्या अक्षरात 'मुलगी', सातव्या ठिकाणी 'कुलदीपक' नुसताच खोडलेला, वर काही नाही, आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे एक छोटी फुली. "सह्या," त्या म्हणाल्या. थांब्यावर आणखी दोन बायका आणि एक कॉलेजातला पोरगा होता. तिघेही पाहू लागले. बाकावर टेकायला जागा नव्हती. सरांनी पत्रक विजेच्या खांबाला लावलं आणि सही केली. दुसरी केली. खांब गार होता, कागद घसरत होता, आणि एरवी ज्या वळणदार सहीचं शाळेत कौतुक व्हायचं ती चौथ्या वेळी एका म्हाताऱ्याची वेडीवाकडी सही झाली होती. सातवी करून त्यांनी कागद परत दिला. बाईंनी सह्या तपासल्या, एकेक, फुलीवर बोट ठेवून. "उद्या अकराला या," त्या म्हणाल्या. "फाइलीतल्या राहिल्यात." पत्रकाची घडी करून त्यांनी पर्समध्ये ठेवली. लांबून बसचे दिवे दिसू लागले होते. त्या उठल्या, डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि रस्त्यापलीकडे चर्चच्या दाराकडे पाहिलं. तिथे फिलोमिनाबाई दुसऱ्या गठ्ठ्याची सुतळी सोडत होत्या, अमोलिक एका बाईला तक्ता समजावून सांगत होते आणि लोक पत्रकं घेऊन, घडी करून, खिशात घालून चारी दिशांना निघाले होते.

"आणि ती सगळी?" उज्वलाबाईंनी विचारलं.

बस आली, दार उघडलं, त्या चढल्या. गाडी गेली तेव्हा सरांच्या लक्षात आलं की पेन आपल्याच हातात राहिलं आहे, आणि त्याचं टोपण बाईंकडे आहे. ते खिशात ठेवता येत नव्हतं. पांढऱ्या सदऱ्याला शाई लागली असती. पेन तसंच उघडं, अंगापासून लांब धरून ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पलीकडून फिलोमिनाबाईंनी त्यांना पाहिलं आणि हात हलवून हाक मारली, "सर, या ना इकडे, संपत आले बघा."